व्हय म्हाराजा, मानखुर्दमार्गे

माझ्या रेडिओच्या डबीला गप्प करायचं असेल तर एक सेकंद शांतता लागते. आमच्या घरात ती मिळत नाही.

मी हौशी रेडिओवाला आहे. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन रीतसर परवाना काढलेला, भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर खांब उभारून त्यावर अँटेना लावलेला, आणि कुठल्या कुठे बसलेल्या माणसाला 'तुमचा सिग्नल झकास येतोय' एवढंच सांगून धन्य होणारा माणूस. (घरात बसलेल्या माणसांना मी एवढंही सांगत नाही, अशी माझ्या बायकोची, सुजाताची, तक्रार आहे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्या तक्रारी मुद्देसूद असतात.) त्यातही माझं वेड पॅकेट रेडिओचं. यात बोलायचं नसतं. लॅपटॉपवर मजकूर टाइप करायचा, तो तुकड्यातुकड्यांनी रेडिओवरून जातो, आणि प्रत्येक तुकडा मिळाला की समोरून पोच येते. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा. मोबाईल नको, इंटरनेट नको.

हे सगळं घरात पहिल्याच झटक्यात कुणाला कळलं असेल तर ते बाबांना. माझे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, पण पाना काही हातातून सुटला नाही. गच्चीवरच्या खांबाचे सगळे नटबोल्ट त्यांनीच आवळलेत. पॅकेटचं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे गाऱ्हाण्यासारख्याच ह्या! एकान सांगूचा आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणूचा. नाय म्हटला तर देवाक पोचाक नाय."

अगदी तसंच! आमच्या कोकणात कुठल्याही कामाला हात घालायचा झाला की घरातला मोठा माणूस नारळ ठेवून देवाला मोठ्यांदा सगळं सांगतो, ते गाऱ्हाणं. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं असतं. पाळण्यात असल्यापासून मी ते म्हणत आलोय. आता ते माझ्या डोक्याला न विचारता तोंडातून परस्पर निघतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

आता ती डबी. रेडिओ आणि लॅपटॉप यांच्या मधे एक कंट्रोलर बसतो. जुना, पत्र्याचा, पुढे दोन दिवे. त्याच्या वागण्याच्या तीन तऱ्हा असतात. कमांड मोडमध्ये तुम्ही टाइप कराल तो डबीला दिलेला हुकूम: अमक्याला जोड, तमक्याला सोड. हवेत काही जात नाही. कन्व्हर्स मोडमध्ये ओळ लिहून एंटर दाबलात की ती ओळ समोरच्याकडे जाते. आणि ट्रान्सपरंट मोडमध्ये सगळंच जातं! एंटर दाबा, नका दाबू, चुकलेलं असो, खोडायचं असो, डबी काही विचारत नाही आणि तुमचा एकही हुकूम ऐकत नाही. घरच्यांना समजावं म्हणून मी सोपं करून सांगितलं होतं, की सुजाता कमांड मोड, मी कन्व्हर्स मोड आणि बाबा ट्रान्सपरंट.

ट्रान्सपरंटमधून परत कमांडमध्ये यायचं तर डबीला एक ठरलेली खूण करावी लागते. एक सेकंद काहीही पाठवायचं नाही, मग एक बटण तीनदा दाबायचं, आणि पुन्हा एक सेकंद काहीही नाही. मधे एक अक्षर जरी घुसलं तरी डबीला वाटतं, हाही मजकूरच, आणि ती तोही निष्ठेने पाठवून देते.

आमचं बरं चाललं होतं. रोज संध्याकाळी मी भांडुपहून आणि माझा मित्र मिलिंद कांबळे मानखुर्दहून एकमेकांना पॅकेटं पाठवायचो. कांबळे कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आम्ही दोघं जेवणात काय आहे इथपासून निवृत्तीनंतर काय इथपर्यंत सगळं त्या तुकड्यांतून बोलायचो. मग सोसायटीचे चेअरमन मोहिते यांनी पत्र दिलं, की गच्चीवरचा खांब काढून टाका.

"कारण?" मी विचारलं.

"किरण!" मोहिते म्हणाले. "तुमच्या अँटेनातून किरण निघतात. आमच्या हिचे पापड गच्चीवर वाळत असतात. ते वातड होतात."

"साहेब, रेडिओच्या लहरींनी पापड वातड होत नाहीत."

"मग कशाने होतात, सांगा!"

मी फक्त एवढंच म्हणालो, की उद्या मोठं संकट आलं, मोबाईल बंद पडले, तर हाच खांब सोसायटीच्या कामाला येईल. मोहिते म्हणाले, "दाखवा करून. रविवारी कमिटीसमोर. झालं तर ठराव तुमच्या बाजूने, नाही झालं तर सोमवारी खांब भंगारात."

त्या खांबाशिवाय संध्याकाळी मी करणार काय, हे मला खरंच सुचेना. पण मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दाखवतो!

बेत असा ठरला. मी चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरातून संदेश पाठवायचा. तो मानखुर्दला कांबळेच्या घरी जाईल. तिथला रेडिओ तो आपोआप उचलून पुढे फेकेल, आणि तो आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात येईल. तिथे कांबळे आपला दुसरा सेट घेऊन कमिटीसोबत बसलेला असेल आणि अक्षरं मोठ्या टीव्हीवर दिसतील.

"म्हणजे चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर, मानखुर्दमार्गे?" मोहितेंनी विचारलं. "लिफ्ट चालू आहे ना आपली?"

मी तोही घोट गिळला. मोहितेंनी आणखी दोन अटी घातल्या. पहिली, त्या वेळी सगळ्यांचे मोबाईल बंद करून खाली ऑफिसात ठेवायचे. ("नाहीतर तुम्ही गुपचूप व्हॉट्सअ‍ॅप कराल आणि नाव रेडिओचं सांगाल.") दुसरी, संदेश मराठीत, देवनागरीत दिसला पाहिजे.

इथेच घोळाला सुरुवात झाली. माझी डबी जुनी. कन्व्हर्स मोडमध्ये तिला फक्त इंग्रजी अक्षरं कळतात, मराठी पाठवलं की पलीकडे नुसती चिन्हांची भेळ. देवनागरी जशीच्या तशी पाठवायची तर ट्रान्सपरंट मोडच हवा.

"परब, ऐक माझं," कांबळे म्हणाला. "इंग्रजी अक्षरांत मराठी लिही. चालवून घेतील यार."

"नाही. देवनागरी म्हणजे देवनागरी. मोहित्याला बोट ठेवायला जागा नाही देणार."

"अरे, ट्रान्सपरंटमधून बाहेर यायला शांतता लागते. तुझ्या घरात? मी जेवायला येतो तेव्हा पाणी मागायला तीनदा हात वर करावा लागतो मला!"

"बघून घेईन मी," मी म्हणालो. निश्चयी माणसाला मित्राचं बोलणं ऐकूच येत नाही.

दुसरी अडचण माझ्या बोटांची होती. मराठी टाइप करताना मी 'क्ष' शोधायला निघालो की परत येईपर्यंत चहा गार होतो. त्यावर सुजाताने तोडगा काढला. ती प्रश्नपत्रिका तयार करताना लॅपटॉपला एक माईक लावते आणि नुसती बोलते. बोललेलं सगळं, इंटरनेट नसलं तरी, मराठीत टाइप होतं. तो माईकही चांगलाच कानाचा होता, स्वयंपाकघरात कुकरचं झाकण लावता लावता दिलेला प्रश्नसुद्धा तो टिपून घ्यायचा.

"मी बोलीन, तो टाइप करील, तुमची डबी पाठवील," सुजाता म्हणाली. "तुम्ही फक्त मधे मधे करू नका."

रविवारी सकाळी सगळी मंडळी खाली जमली. मोहिते, मोहितेवहिनी (त्याही कमिटीत आहेत, आणि पापडांच्या वतीने तर होत्याच), सेक्रेटरी आणि बाकीचे. वर आम्ही तिघं. बाबा धुतलेलं धोतर नेसून, नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

"गाऱ्हाणा घालूक होया आदी," ते म्हणाले.

"नंतर, बाबा. काम झाल्यावर."

"काम झाल्यार देवाक कित्याक सांगूचा? तेका दिसात ना!"

"बाबा, प्लीज!"

मी डबीला कमांड मोडमध्ये हुकूम दिला, मानखुर्दमार्गे जोडणी झाली, डबी ट्रान्सपरंटमध्ये टाकली आणि सुजाताला खूण केली. ती वर्गात बोलते तशी खणखणीत बोलली, "भांडुपहून मानखुर्दमार्गे संदेश. सर्व रहिवासी सुखरूप. पिण्याचे पाणी व औषधे हवीत." डबीचा लाल दिवा लुकलुकला. आम्ही श्वास रोखून बसलो. थोड्या वेळाने खिडकीतून, खालून, टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला!

मला काय वाटलं सांगू! डोळ्यांत पाणीच आलं. आता जोडणी शांतपणे सोडायची, की झालं. मी ओठांवर बोट ठेवलं, सेकंदभर थांबलो, बटण तीनदा दाबलं, आणि नंतरच्या सेकंदात बाबा खाकरले. नुसते खाकरले नाहीत. "जमला मां?" असंही म्हणाले.

आनंदाच्या भरात मला वाटलं, बटण दाबलं म्हणजे डबी कमांड मोडमध्ये आली. ती आली नव्हती. यापुढे या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द मानखुर्दला जाऊन, तिथून वळून, तळमजल्यावरच्या टीव्हीवर उमटत होता. आम्हाला पत्ताच नव्हता. खाली काय काय झालं ते मला नंतर कांबळेने सांगितलं, पण ते जिथल्या तिथे सांगतो, म्हणजे माझी फजिती क्रमाने समजेल.

"जमलं!" मी ओरडलो. "मोहित्याचं थोबाड बघायला पाहिजे होतं आत्ता!"

(ते थोबाड खाली सगळी कमिटी बघत होती. टीव्हीवर हे वाक्य आल्यामुळे.)

"आणि म्हणे किरणांनी पापड वातड होतात!" सुजाता हसत म्हणाली. "पापडखार कमी पडतो त्यांच्या पिठात. गेल्या वर्षी दिले होते ना, तळले तरी फुलेनात. मी कामवालीला दिले, तिनेही परत आणून दिले!"

(खाली मोहितेवहिनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाचलं. कांबळेने टीव्हीसमोर उभं राहून अक्षरं झाकायचा प्रयत्न केला. कांबळे किरकोळ अंगाचा आहे आणि टीव्ही मोठा होता.)

"मोहित्याक पापडाचा काय पडला नाय," बाबा म्हणाले. "तेका खांब कित्याक नको, ता माका म्हायत आसा. पाण्याची टाकी बगूक जातंय म्हणता आणि गच्चीर बसान शिगरेटी ओढता! आमचो नंद्या अँटेना बगूक वर गेलो की ह्येची पंचायत होता."

"काय सांगता बाबा! वहिनींना तर त्यांनी शपथ घेऊन सांगितलंय की सोडली म्हणून," सुजाता म्हणाली.

(खाली मोहिते ताडकन उठले. "बंद करा ते!" मोहितेवहिनी म्हणाल्या, "बसा खाली. वाचू दे." मोहिते बसले.)

आता कांबळेकडून उलटी पॅकेटं येऊ लागली. फोन तर सगळे जप्त! तो बिचारा घाईघाईत टाइप करत होता आणि ते आमच्या लॅपटॉपवर, आमच्याच बोलण्याच्या गर्दीत मधेच कुठेतरी उमटत होतं. सुजाताने वाकून पाहिलं आणि मोठ्यांदा वाचलं, "बंद कर. सगळं दिसतंय."

ते वाचलेलं माईकने टिपलं आणि डबीने लगेच कांबळेला परत पाठवलं. खाली टीव्हीवर आलं: 'बंद कर सगळं दिसतंय.' सेक्रेटरी म्हणाले, "हे कोण कुणाला सांगतंय?"

पुन्हा आलं. सुजाताने पुन्हा वाचलं, "अरे गधड्या, तू अजून ट्रान्सपरंटमध्ये आहेस." तेही गेलं. खाली कमिटीला वाटलं, हे मोहितेंना उद्देशून आहे!

"अहो," सुजाता म्हणाली, "तो लाल दिवा का पेटतोय मगापासून? आपण बोललो की पेटतो, गप्प बसलो की विझतो."

मी दिव्याकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत आम्ही तिघं होतो. थोबाड, पापडखार, शिगरेटी, सगळं, शुद्ध देवनागरीत.

"वाट लागली!" मी म्हणालो. दिवा पेटला.

आता कुठलाही शहाणा माणूस वायर उपटून मोकळा झाला असता. पण वायर उपटली की जोडणी तुटणार, आणि जोडणी तुटली की मोहिते म्हणणार, बघा, ऐन वेळी बंद पडलं! खांब भंगारात! नाही. मी डबीला तिच्या रीतीनेच बाहेर काढणार होतो. एक सेकंद शांतता, तीनदा बटण, एक सेकंद शांतता. एवढंच तर हवं होतं!

"कुणीही बोलू नका!" मी ओरडलो. (गेलं.)

"आम्ही कुठे बोलतोय?" सुजाता म्हणाली. (गेलं.)

"आत्ता बोललीस ना!"

"तुम्ही विचारलंत म्हणून!"

"मी विचारलं नाही, सांगितलं!"

"ओरडतास कित्याक दोघां?" बाबांनी विचारलं.

मी बटण दाबत होतो. दर वेळी मधे कुणीतरी बोलत होतं, दर वेळी डबी त्या बटणालाही मजकूर समजत होती, आणि खाली टीव्हीवर आमच्या भांडणाच्या मधे मधे तीन तीन चौकोन उमटत होते. सेक्रेटरींनी कांबळेला विचारलं, "हे चौकोन म्हणजे शिव्या का?"

"काय बिघाडला काय?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा! बिघडलं! सगळं बिघडलं! खांब जातोय आपला!"

बाबांचा चेहरा एकदम बदलला. ते उठले. नारळ त्यांनी डबीसमोर ठेवला, हात जोडले, आणि मला काही कळायच्या आत, गिरणीतल्या यंत्रांच्या वरताण जो आवाज त्यांनी आयुष्यभर कमावला होता, त्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या भांडुपाक, चवथ्या माळ्यार, तुझी लेकरां हात जोडून तुझ्यासमोर उबी आसत!"

आणि ते थांबले. गाऱ्हाण्यात थांबतात तसे. खोलीत शांतता पसरली. हीच! हीच ती एका सेकंदाची शांतता! माझं बोट बटणावर होतं, आणि माझ्या तोंडातून निघालं,

"व्हय म्हाराजा!"

दिवा पेटला. मी कपाळावर हात मारला. पुढच्या वेळी नाही, मी दात आवळून ठरवलं.

"ह्यो माझो झील नंदकुमार! शाळेत धड पयलो इलो नाय, हापिसात धड सायब झालो नाय!"

थांबले. शांतता. बोट बटणावर.

"व्हय म्हाराजा!" मी.

"ह्या घर घेतला, ता सुनेच्या पगारार!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सुजाताचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

खाली, कांबळे सांगतो, कुणी हसत नव्हतं. म्हणजे आधी हसत होते, पोट धरून. पण कमिटीतले निम्मे लोक कोकणातलेच. गाऱ्हाणं टीव्हीवर येऊ लागलं तसे एकेक जण खुर्चीवरून उठून उभे राहिले. सवयच तशी! आणि प्रत्येक ओळ आली की आपसूक म्हणू लागले, "व्हय म्हाराजा!" ते आम्हाला वर खिडकीतून ऐकू यायला लागलं. पण आमचं गाऱ्हाणं मानखुर्दला वळसा घालून येत असल्यामुळे त्यांचं 'व्हय' दर वेळी एक वाक्य उशिरा यायचं. बाबांना वाटलं, देवच उत्तर देतोय. त्यांना आणखी चेव चढला.

"सगळ्या जन्मात ह्येना एकच वस्तू उबी केल्यान, म्हाराजा! गच्चीवरचो तो खांब!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो. एव्हाना मी बटणावरून बोट उचललं होतं.

"त्या खांबाचे नट मिया म्हाताऱ्यान ह्या हातांनी आवाळलंय! ह्यो सांजवेळेक त्या डब्याफुडे बसता तेवा ह्येचा तोंड ल्हानपणी दिसा तसाच दिसता, म्हाराजा! माका दुसरा काय्येक नको! तो खांब पडाक दिव नको!"

यावर मला 'व्हय' म्हणता आलं नाही. बाबा रोज संध्याकाळी पेपर घेऊन माझ्यामागे बसायचे. मला वाटायचं, ते पेपर वाचतात.

सुजाताने डोळे पुसत म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण वाकड्या नजरेन बघता, तेका चांगली बुद्दी दी! आणि तेची ती शिगरेट सुटाक दी, म्हाराजा!"

खालून, एक वाक्य उशिरा, एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला, "व्हय म्हाराजा!!" त्या मोहितेवहिनी होत्या.

बाबांनी नारळ फोडला. सुजाताने पाणी टिपलं, लॅपटॉपजवळ आली, माईकचं बारीकसं बटण दाबलं आणि माईक बंद केला.

खोलीत शांतता झाली. खरीखुरी. मी तीनदा बटण दाबलं, थांबलो, आणि डबी गुमान कमांड मोडमध्ये आली.

"हे," मी म्हणालो, "हे बटण होतं? पहिल्यापासून?"

"हो."

"मग दाबलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, कुणी मधे मधे करू नका," सुजाता म्हणाली. ते मी म्हणालो नव्हतो, ती म्हणाली होती. पण तेवढं सोडलं तर मुद्दा बरोबर होता.

मी जिना उतरून खाली गेलो. (लिफ्टने जायची हिंमत झाली नाही, मोहिते आत एकटे भेटले असते तर?) ऑफिसात मोहिते कोपऱ्यात बसले होते आणि त्यांचा खिसा वहिनी तपासत होत्या. कांबळे मला बघून एवढंच म्हणाला, "एकही पॅकेट गहाळ झालं नाही रे. शंभर टक्के पोच!"

मी मान खाली घालून पापडांची माफी मागितली. मोहितेवहिनी म्हणाल्या, "पापडाचं मी सुजाताशी बोलेन. खांब काढायचा नाही. आणि तुम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो बघायचा. जमलं तर दोनदा."

ठराव त्यांनीच मांडला आणि त्यांनीच लिहिला. दुसऱ्या दिवशी तो जिन्याखालच्या फळ्यावर लागला. मी, सुजाता आणि बाबा भाजी घेऊन परत येत होतो. येणारेजाणारे थांबून वाचत होते आणि माझ्याकडे बघून हळहळत पुढे जात होते. संकटकाळ, संदेशवहन, विज्ञान, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. बाबांनी चष्मा लावला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घेतलं.

"श्री. नंदकुमार परब यांनी आयुष्यात उभारलेली ही एकमेव वस्तू असल्याचे त्यांच्या वडिलांनी देवासमक्ष सांगितले असून, श्री. परब यांनीही ते जागच्या जागी मान्य केले आहे. सबब सदर खांब सहानुभूतीपूर्वक राहू द्यावा."

वाचून बाबा थांबले. जिन्यात सगळीकडे शांतता होती, चांगली सेकंदभर.

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो.